दोन नोव्हेंबरचा दाखला

फोन सांगत होता, डोळे मिचकावा. वामनराव राखोंडे मात्र मतदार ओळखपत्राच्या फोटोला बसावं तसे ताठ बसले होते. पापणी हलायला तयार नव्हती.

"बाबा, डोळे मिचकावा."

"जित्ता हाय हे दाखवाले डोया मारा लागते काय?"

"हो. तसंच आहे."

"चाळीस वर्सांत मले नाही मारला," मेथी निवडत बसलेल्या माणिकबाई म्हणाल्या, "अन् आता फोनले मारून राह्यले."

वामनराव हसले. हसताना त्यांचे डोळे मिटायचे. फोनला तेवढं पुरलं आणि हिरवी खूण आली. अकोल्याच्या ज्या सूतगिरणीत त्यांनी एकतीस वर्षं काढली, तिच्या पेन्शन फंडाला दर नोव्हेंबरात हा हयातीचा दाखला लागत असे. आजवर ते रांगेत उभं राहून अंगठा देत आले होते. यंदा लेकीनं, वर्षालीनं, घरबसल्या करून दिला.

"पुढच्या वर्षी पुन्हा?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या वर्षी पुन्हा."

"मंग तूच ये." एवढं बोलून ते अकोट रस्त्यापलीकडच्या अर्ध्या एकरात पाणी द्यायला गेले. तो रविवार होता. रात्री भाकरी आणि मेथीचं पिठलं झालं. बोलण्यासारखं विशेष काही झालं नाही.

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास वाफ्यात पाणी सोडून ते शेताच्या धुऱ्यावर बसले, ते उठले नाहीत. आठवड्याभरात वामनरावांच्या नावावर दोन दाखले निघाले, एकमेकांच्या विरुद्ध. त्यातला पहिलाच फंडाकडे पोचला. दुसरा वर्षालीनं एका निळ्या फाइलमध्ये ठेवला.

"मी पाठवते," ती आईला म्हणाली.

जानेवारीत तिला अमरावतीत शिकाऊ म्हणून जागा मिळाली. राजापेठेत दुसऱ्या मजल्यावर लहानसं ऑफिस होतं. बँका, गिरण्या, संस्था यांच्या पेन्शन फंडांचं काम तिथे चाले. किती माणसं किती वर्षं जगतील याचा अंदाज बांधून फंड पुरेल की नाही ते सांगायचं. अंतिम सही पुण्याच्या विमागणितीची असे, आकडे इथून जात. रुजू होतानाच्या अर्जावर वडिलांच्या नावाआधी तिनं 'कै.' लावलं नाही. डबा खाताना शेजारच्या टेबलावरच्या स्वप्निलनं विचारलं, बाबा काय करतात. ती म्हणाली, भाजी लावतात. खोटं बोलायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. त्या दिवशी तसं निघालं आणि मग ते तसंच राहिलं.

वय वाढतं तशी हजारातली किती माणसं वर्षभरात कमी होतात, याचा तक्ता तिला लवकर पाठ झाला. तक्त्यात कुणाचं नाव नसे. तिला ते बरं वाटे.

नावं यादीत असत. कोण आहे आणि कोण नाही, हे आधी पक्कं करावं लागे, कारण यादी चुकली की पुढचं सगळं गणित चुकलं. म्हणून शिकाऊंनी पेन्शनरांच्या घरी फोन करायचे. ऑफिसचे प्रमुख खुशालराव सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"कागद मागून येते. आधी घरच्या मानसानं तोंडानं सांगा लागते. तवाच आपन लिहाचं. आपन आपल्या तोंडानं इचाराचं नाही, गेले काय म्हनून. थांबाचं."

वर्षालीला थांबणं जमे. मोर्शीच्या एका दुर्गाबाईंनी आधी संत्र्याचे भाव सांगितले, मग सुनेचं गाऱ्हाणं केलं, आणि मग म्हणाल्या, "ते नाहीत बाई आता. आंबिया बहाराची तोडनी चालू होती तवाच गेले." वर्षालीनं तारीख लिहून घेतली. मग समजावलं की मृत्यूचा दाखला लवकर पाठवा, म्हणजे निम्मं पेन्शन तुमच्या नावानं सुरू होईल. उशीर केला तर यांच्या खात्यात येणारं परत करावं लागतं आणि तुमचं अडून राहतं. तिच्याइतकं नीट हे कुणी समजावत नसे, असं खुशालरावही म्हणत.

दर रविवारी ती एसटीनं अकोल्याला जाई. माणिकबाई एकट्याच भाजीच्या जुड्या बांधत.

"त्या कागदाचं काय झालं वं?"

"करून राहिली आई."

"तुहं तर कामच हाय ना ते."

"हो."

वामनरावांचा फोनही तीच जवळ बाळगी. बँकेचे मेसेज त्यावर येतात, असं तिनं आईला सांगितलं होतं. ती तो रोज चार्ज करी. त्यावर फारसे कुणाचे फोन येत नसत.

एप्रिलमध्ये सूतगिरणीचं काम ऑफिसला मिळालं. गिऱ्हाईक नवीन, म्हणून दाखला आलेला असो की नसो, झाडून सगळ्यांना फोन करायचं ठरलं. खुशालरावांनी यादी आडनावावरून वाटली. 'र' स्वप्निलकडे गेला. वर्षालीनं ते सोमवारीच पाहिलं होतं. बुधवारपर्यंत ती काही बोलली नाही.

बुधवारी दुपारी कूलर घरघरत होता. स्वप्निल मान वर करून म्हणाला, "वामनराव राखोंडे. हे तुहे बाबाच ना?"

"हो."

"दाखला दोन नोव्हेंबरचा हाये. हयात लिहून टाकू?"

तिनं फक्त हो म्हणायचं होतं. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत कुणी विचारलं नसतं. वामनराव यादीत राहिले असते, वय चौसष्ट, आणि माणिकबाई जुड्या बांधत राहिल्या असत्या.

"नाही, थांब. नियम म्हनजे नियम," स्वप्निल हसत फोन उचलत म्हणाला. "सांगतोच त्याईले, पोरगी लोनचं एकटीच खाते म्हनून."

त्यानं नंबर फिरवला. तिच्या पायाशी ठेवलेल्या बॅगेत फोन वाजायला लागला.

स्वप्निलनं आधी बॅगेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचं हसू विरलं. फोन कापायचा की नाही हे न कळून त्यानं रिसीव्हर तसाच कानाला धरून ठेवला. पाचव्या घंटीला वर्षालीनं फोन काढून कानाला लावला. दोघांची टेबलं लागूनच होती.

"नमस्कार," तो सवयीनं, हळू आवाजात म्हणाला. "वामनराव राखोंडे यांच्याशी..." आणि थांबला.

खुशालराव आतून दारापर्यंत आले आणि तेही थांबले.

"मी त्यांची मुलगी बोलते," वर्षाली म्हणाली. मग, घरी बोलतात तसं, "माहे बाबा गेले. तीन नोव्हेंबरले, सकायी साडेदहाले. लिहून घे."