तिसऱ्या घडीतली चिठ्ठी

मित्रांनो, माझ्या अंगावर एका घराचा पत्ता लिहिलेला आहे, पण मी त्या घरात राहत नाही. मी एक जुने खरेदीखत आहे. जागा विकत घेतली की जो नोंदणीचा कागद होतो, तो मी. नांदेडमधल्या एका पतसंस्थेच्या लोखंडी कपाटात मी सात वर्षांपासून आहे.

माझा जन्म १९९७ सालचा. मुद्रांकाचा जाड कागद, त्यावर टंकलेखन यंत्राची अक्षरे आणि शेवटच्या पानावर भामाबाईंच्या अंगठ्याचा जांभळा ठसा. विष्णुपुरीच्या रस्त्याला लागून असलेली ती लहानशी जागा त्यांनी मजुरीतून घेतली. तिच्या चारही बाजू माझ्यात नोंदल्या आहेत: पूर्वेस अमृतराव यांची जागा, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस धुरपताबाईंचे घर, दक्षिणेस नाली.

भामाबाईंना वाचता येत नव्हते, म्हणून कागद ओळखण्याची त्यांची स्वतःची रीत होती. घरातला प्रत्येक कागद त्या माझ्या घड्यांत ठेवत. पहिल्या घडीत विजेचे बिल, दुसरीत घरपट्टी, तिसरीत जे जिवाचे असेल ते. त्यांचा मुलगा धम्मानंद याची दहावीची गुणपत्रिका दोन वर्षे माझ्या तिसऱ्या घडीत होती. पेटी उघडली की भामाबाई आधी मला हात लावत.

पुढे धम्मानंद विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, प्रयोगशाळेत, कंत्राटी नोकरीला लागला. पत्र्याऐवजी स्लॅब टाकायचा म्हणून मायलेकांनी पतसंस्थेचे कर्ज घेतले आणि मला तारण ठेवले. तारण म्हणजे कर्ज फिटेपर्यंत घराचा कागद कर्ज देणाऱ्याच्या ताब्यात. मी कपाटात आले. इथे माझ्या पूर्वेस लोखंडी पत्रा, पश्चिमेस एका अनोळखी दुकानाचा कागद आणि चारी बाजूंना अंधार. उजेडात कागद लवकर पिवळा पडतो, अंधारात हळू. त्या हिशोबाने मी इथे जास्त टिकेन. पण इथे माझ्या घड्यांत कुणी काही ठेवत नाही.

मागच्या वर्षी धम्मानंदचे कंत्राट चार महिने अडकले आणि चार हप्ते थकले. तेव्हाचे शाखाधिकारी चन्नबसप्पा यांनी मायलेकांना समोर बसवले. ठरले असे: दरमहा नेहमीचा हप्ता आणि वर दीड हजार, पगार उशिरा होतो म्हणून बारा तारखेपर्यंत. वीस महिन्यांत थकबाकी संपेल. तोवर दंडव्याज नाही, जप्ती नाही. त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून सही-शिक्का केला. त्या दिवशी मी फाईलसह टेबलावर होते.

"घ्या, भामाबाई. जपून ठेवा."

"माझ्यापाशी कशाला, साहेब? कागद कागदापाशी असावा." त्यांनी मला उघडले आणि चिठ्ठी माझ्या तिसऱ्या घडीत ठेवली.

मित्रांनो, मला किती आनंद झाला! चूक घडते आहे, हे माझ्याही लक्षात आले नाही.

नऊ महिने पैसे वेळेवर भरले गेले. मग चन्नबसप्पांची लातूरला बदली झाली आणि दयानंद नावाचे नवे साहेब आले. संगणकात त्या ठरावाची नोंदच नव्हती. वरचे दीड हजार दरमहा दंडव्याजात जमा होत होते आणि थकबाकी जागच्या जागी होती. जप्तीची नोटीस निघाली. मुदत सात दिवस.

कपाटाच्या दारातून मला फक्त आवाज येत होते.

"ह्या नऊ पावत्या पहा, साहेब. दर महिन्याला भरून राहिलो," धम्मानंद म्हणाला.

"पावती पैशाची आहे. ठरलं होतं, याचा कागद दाखवा."

"कागद तुमच्याच कपाटात हाय," भामाबाई म्हणाल्या. "घराच्या कागदात ठिवला."

"माय, एक फोटो तर काढू द्यायचा होता!"

"आपले समदे कागद त्याच्यातच असत्यात, बाबू. मला काय ठाव, ह्यायचं कपाट मुकं हाय म्हणून!"

दयानंद म्हणाले, "तारणाचा कागद असा काढता येत नाही. अर्ज द्या. परवानगी आली तर बघू."

धम्मानंदने लातूरला फोन लावला. "लिहून दिलंय मी," चन्नबसप्पा म्हणाले, "पण माझ्या तोंडी शब्दावर ते थांबणार नाहीत. कागद काढायला लावा."

ते पाचही दिवस चिठ्ठी माझ्या पोटात होती आणि मला हाक मारता येत नव्हती. इतके एकटे मला कधीच वाटले नव्हते.

सहाव्या दिवशी परवानगी आली आणि कपाट उघडले. दयानंदसाहेबांनी मला हातात घेऊन झटकले. काही पडले नाही. पहिली घडी, दुसरी घडी. "काही नाही यात," असे म्हणून ते मला मिटू लागले.

"थांबा की, साहेब! त्याच्यात बिलं असत्यात. जिवाचं तिसरीत."

तिसरी घडी ओल धरून चिकटली होती. धम्मानंदने पट्टीची कड हळूच आत सरकवली. चिठ्ठी निघाली. दयानंदसाहेबांनी ती दोनदा वाचली, शिक्का उजेडात धरून पाहिला. मग खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "बसा, मावशी." नोटीस मागे घेतल्याचे पत्र आणि दुरुस्त केलेला खातेउतारा घेतल्याशिवाय धम्मानंद उठला नाही.

"चिठ्ठी ठेवू परत आत?" साहेबांनी विचारले.

"न्हाई. ती आता माझ्यापाशी. तुम्ही झेरॉक्स ठिवा, फायलीला."

जाण्याआधी भामाबाईंनी माझ्या शेवटच्या पानावरच्या ठशावर आपला अंगठा टेकवला. माणसाच्या बोटांवरच्या रेषा जन्मभर तशाच राहतात, म्हणे. पण तो अंगठा फार सुरकुतला होता. "कर्जाची तीन वर्सं ऱ्हायली," त्या मला म्हणाल्या, साहेबांना नव्हे.

मित्रांनो, तुमच्या घरी असा काही ठराव झाला, तर कर्ज देणाऱ्याकडून लिहून घ्या आणि तो कागद स्वतःच्या घरी ठेवा. आम्ही सगळे जपतो, पण बोलू शकत नाही.

माझी तिसरी घडी आता रिकामी आहे. घरी जाईपर्यंत ती तशीच राहू दे.