मनीची चोरी

कोंबडी मेली की मानमोडीचा रोग, एवढंच भाटघरच्या साळूबाईंना ठाऊक. यंदा चार मेल्या. तीन पुरल्या, चौथी वाया कशाला घालवायची म्हणून त्यांनी मांजरीपुढं टाकली. आठवड्यात मनी झटके येऊन मेली.

तिच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन भोरहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. "मावशी, हा बर्ड फ्लू. विषाणूच्या जनुकात एक अक्षर बदललंय, म्हणून तो मांजराला एवढा भोवला. हिला मेलेली कोंबडी मिळाली कुठून?"

"चोरली असंल," साळूबाई बोलून गेल्या. "मांजराची जातच तसली."

डॉक्टरीणबाईंनी तसंच लिहून घेतलं. साळूबाईंची मान वर होईना. उघड्या दुधाच्या पातेल्याशेजारी निजणाऱ्या मनीनं जन्मात कधी थेंबाला तोंड लावलं नव्हतं.