आखूड गोफण

शेळीवाल्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, तोंड मात्र ठणठणीत होतं. दरडीवरून घसरून नडगी मोडल्यापासून तो दारातल्या खाटेवर पडून असायचा. तिथून समोरचा अख्खा उतार दिसत असल्यामुळे त्याच्या तोंडाला दिवसभर काम होतं. उंटावरून शेळ्या हाकणारे जगात पुष्कळ असतात. हा खाटेवरून हाकत होता.

शेळ्या आता बायको नेत होती. उताराच्या मध्यावर वाट फुटते. वर गेलं की कुरण, खाली गेलं की रोपवाटिका. वाट मुळात रोपवाटिकेच्याच जमिनीतली. मालकिणीने भलेपणाने ती मोकळी ठेवलेली. पण शेळीला भलेपणा कळत नाही, कोवळी रोपं कळतात. कळपाची म्होरकी एक काळी शेळी होती. डोळ्यांभोवतीच्या पांढऱ्या वर्तुळांमुळे घरात तिला मास्तरीण म्हणत. ती सगळा वर्ग घेऊन दोनदा रोपांत शिरली होती. मालकीण स्वतः येऊन, आवाज जराही न चढवता सांगून गेली, की पुन्हा आत आल्या तर वाटेला फाटक घालीन. फाटक लागलं म्हणजे कुरणाला जायला टेकडीला वळसा. दिवस सगळा जाण्यायेण्यात गेल्यावर शेळ्या चरणार कधी? विकाव्याच लागल्या असत्या.

सगळी भिस्त गोफणीवर होती. दोन दोऱ्या, मध्ये दगड ठेवायची विणलेली पट्टी; एका दोरीचा फास बोटात, दुसरीची गाठ चिमटीत. फिरवायची आणि नेमक्या वेळी चिमूट सोडायची. शेळीला मारायचं नसतंच. दगड तिच्या नाकापुढे पडला पाहिजे, म्हणजे ती बिचकून मागे वळते. तोच मागे पडला तर ती पुढे पळते. बायकोचे दगड मागे पडत होते. म्हणजे दोन्ही वेळा मास्तरणीला रोपांत हाकललं होतं ते तिनेच.

म्हणून खाटेवरून शिकवणी सुरू झाली. रोज सकाळी अंगणात बायको कुंपणाच्या खांबावर दगड फेकायची आणि हा ओरडायचा, "कोपर सरळ कर. सरळ." गोफण त्याच्या आईने त्याच्या हाताच्या मापाने विणलेली, चांगली लांब. लांब गोफणीचा दगड लांब जातो हे खरंच, आणि तरुणपणी आपण ओढ्यापलीकडे दगड टाकायचो हे त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलेलं होतं. बायकोने एकदा विचारलं, थोडी आखूड केली तर? आखूड गोफण पोरांना खेळायला, असं म्हणून त्याने विषय संपवला. मग तिने गुपचूप दोऱ्यांना गाठी मारल्या. गाठ बोटात अडकली, दगड वाकडा सुटला आणि खाटेवरच्या छपराच्या पत्र्यावर दाणकन आदळला. त्या आठवड्यात तो गप्प बसला तो तेवढाच.

शेवटी तो म्हणाला, इकडे ये, मापच घेतो. माप घेतलं की गोफण बरोबर आहे आणि चूक हिची आहे हे सिद्ध होणार, अशी त्याची खात्री होती. कामं पडली आहेत, असं ती म्हणाली. त्याने ऐकलं नाही. गोफण दुहेरी धरायची, हात बाजूला ताठ पसरायचा, आणि बोटांपासून छातीच्या मध्यापर्यंत भरली की झालं माप. तिने डावा हात पुढे केला.

"फेकायचा हात दे."

तिने उजवा पसरला. हात अर्ध्यातच थांबला.

"सरळ कर ना."

"एवढाच होतो."

"एवढाच म्हणजे?"

"हाड वाकडं बसलंय आत."

त्याला वाटलं, आत्ता पडली असेल, गोफणीच्या नादात. पण हकीकत निराळीच निघाली. धाकटी पोटात असताना ती गोठ्यात घसरली होती. हा तेव्हा कळप घेऊन वरच्या माळावर गेलेला, महिनोन्महिने. तिने आपला हात आपणच ओढणीने गळ्यात बांधला. आता त्या धाकटीलाच दोन मुलं आहेत.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आलात तेव्हा सूज उतरली होती. आणि तुम्ही शेळ्यांचं सांगत होतात."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते फार लागलं. ती केस डाव्या हाताने विंचरते, फळीवरचा डबा डाव्याने काढते, म्हणून तो तिला इतकी वर्षं डावखुरी म्हणून चिडवत आला होता. बकरीचा एक खूर वाकडा पडला तर याला लांबूनही दिसायचं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने सुरी मागितली.

तिचा हात जेवढा पसरत होता तेवढाच धरून त्याने माप घेतलं. आईने विणलेल्या दोऱ्या कापल्या आणि नवा फास वळला. डोक्यावरून फिरवू नको, असं त्याने हळू आवाजात सांगितलं. खालून, बाजूने, एकच फेरा. हात गुडघ्यापुढे आला की सोड. कोपर वाकलेलं राहू दे.

संध्याकाळपर्यंत ती खांबाशी दगड फेकत राहिली. हा नुसता पाहत होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरीण फाट्याशी आली आणि सरळ खालच्या वाटेला लागली. शेळीवाल्याच्या तोंडाशी हाक आली होती, ती त्याने गिळली. बायकोने एक फेरा दिला. दगड मास्तरणीच्या नाकासमोर पडून धूळ उडाली. मास्तरीण थबकली, वळली आणि सगळा वर्ग तिच्यामागे निमूटपणे कुरणाकडे चढू लागला. तो खाटेवर एकटाच होता. डोळे पुसायला त्याला कुणाची चोरी नव्हती.

संध्याकाळी ती शेळ्या कोंडून, हातपाय धुऊन आली. शाबासकी द्यायचं त्याने दिवसभर ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"अगं, आणखी कुठं काय मोडलंय का?"

तिने स्टूल खाटेजवळ ओढलं आणि बसली.

"पाठीपासून सांगू?" ती म्हणाली.