दिलरुब्याची गवसणी

कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या स्टँडवर बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात गुंडूरावांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या रविवारीही त्यांनी रुमाल टाकला, गजाने वाजवायचा आपला दिलरुबा मांडीवर घेतला आणि यशवंतपूर येईपर्यंत एकच विचार करत राहिले. आजही शेजारी कुणी बसलं नाही, तर उद्यापासून वाद्यवृंदाला रामराम.

हा वाद्यवृंद म्हणजे सुधींद्रचं खूळ. साल एकोणीसशे एकोणसाठ. सभागृहात तेच ते पन्नास जाणकार माना डोलवायला यायचे. राग काय त्यांच्या बापाचा आहे, असं म्हणून सुधींद्रने वीणा, बासरी, व्हायोलिन, क्लॅरिनेट असे चौदा वादक जमवले, व्यासपीठच काढून टाकलं आणि त्यांना बाजारात, गिरणीत, लोकांच्या मधोमध नेऊन बसवलं. प्रत्येक वादकाशेजारी एक मोकळी खुर्ची. ज्याने जन्मात राग ऐकला नाही त्याने तिथे बसावं, मनात येईल ते विचारावं. बासरीवाल्या श्रीकांतच्या शेजारी बसण्यासाठी तर भांडणं व्हायची.

गुंडूरावांच्या शेजारची खुर्ची तेवढी रिकामी राहायची. एकदा नाही, चारदा. लोक यायचे, खुर्चीकडे बघायचे आणि पुढे जायचे. गुंडूरावांनी कोट धुऊन घेतला, आरशासमोर हसायचा सराव केला. ते हसणं कुणाला दिसलं नाही तेच बरं. पत्नी तुंगाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. एकट्यापुरता भात लावायचा, तो रोज उरायचा. शेजारी कुणी बसत नाही याचं त्यांना फार वाईट वाटे. पण साठीच्या माणसाने हे सांगावं तरी कुणाला?

यशवंतपूरच्या गुळाच्या वखारीत ढेपा भिंतीशी सारून जागा केली होती. तुंगाबाईंनी जुन्या इरकलीची शिवलेली गवसणी गुंडूरावांनी दिलरुब्यावरून उतरवली, चार घड्या घातल्या आणि सवयीने शेजारी ठेवली. तीस वर्षं ती शेजारीच जायची. तुंगाबाई ती मांडीवर घेऊन बसायच्या, आणि वाजवणं संपल्यावर यांनी हात पुढे करायच्या आत ती हातात यायची.

हमाल आले, दुकानदार आले. तेरा खुर्च्या भरल्या. सुधींद्रने खूण केली आणि भूप सुरू झाला. गुंडूरावांचा सूर लागला, मन काही लागेना.

तेवढ्यात अडत्या कृष्णाजींच्या पत्नी सुनंदाबाई पदर सावरत आल्या आणि त्यांच्यापाशी थांबल्या.

“अण्णा, ही जागा कुणाला धरलीये?”

“मी? मी कुठं धरली?”

“हे कापड टाकलंय की. मागच्या खेपेला पण टाकलेलं, आमच्या घरच्यांनी पाहिलं. म्हणाले, त्या अण्णांकडचं कोणतरी यायचंय, तिथं बसू नको.”

गुंडूरावांचा गज थांबला. बाकी तेरा जण वाजवत राहिले, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. जन्मभर रुमाल टाकून जागा धरणारा हा माणूस, आणि एवढं त्याला कळू नये!

“मग? यायचंय का कोण?”

उत्तर साधं होतं. दोन वर्षांत त्यांनी ते कुणाला दिलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

“नाही,” ते म्हणाले. “आता कुणी यायचं नाही.”

“सरी, ठीक. मग स्वल्प, जरासं उचला ते, मी बसते.”

एका हातात गज, दुसऱ्या हातात गवसणी, दिलरुबा छातीशी टेकलेला. सुनंदाबाईंनीच गवसणी काढून घेतली आणि मांडीवर ठेवली. गुंडूराव पुन्हा भूपात शिरले. मधेच बाईंनी विचारलं, इतक्या तारा कशाला. त्यांनी वाजवता वाजवता सांगितलं. बऱ्याच दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

भूप संपला. टाळ्या झाल्या.

“पुढल्या रविवारी कुठं, अण्णा?”

“आनेकलला,” गुंडूराव म्हणाले. “या.”

आणि त्यांनी हात पुढे केला. हात तसाच राहिला. सुनंदाबाई गवसणी विसरून श्रीकांतच्या बासरीकडे कौतुकाने बघत होत्या.

गुंडूरावांनी थोडा वेळ वाट पाहिली.

“अक्का,” ते म्हणाले, “ती गवसणी देता का?”

तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना ती मागावी लागली.