खिडकीजवळच्या टेबलावरचा संगणक चालू ठेवण्याबाबत

विषय : ब्रेल विभागातील जुना संगणक सेवेत ठेवण्यास अपवाद म्हणून मंजुरी मिळणेबाबत.
संदर्भ : मी स्वतः.

होय, मीच बोलतोय. ज्याच्याबद्दल अर्ज आहे त्याला कुणी काही विचारायचं नाही हा कचेऱ्यांचा रिवाज मला ठाऊक आहे. इतकी वर्षं कचेरीतच काढली आहेत.

मी आलो तेव्हा या संस्थेत माझ्यासारखं दुसरं काही नव्हतं. माझ्या खोलीत येताना लोक पायातलं बाहेर काढत. साहेबांच्या खोलीत मात्र पायांत सगळं घालून जात. माझ्या कीबोर्डाला प्लास्टिकचं झाकण होतं आणि पडद्याला शिवून घेतलेला अंगरखा. कुणी शिंकलं तरी प्रमुख लिपिक डोळे वटारत. इतका मान पुढे कुणाला मिळालेला मी पाहिला नाही.

माझ्या शेजारी ब्रेलयंत्र. मी मजकूर सांगायचा आणि त्याने जाड कागदावर ठिपके उठवायचे. आवाज असा की शेजारच्या हिशेब विभागाने भिंतीला कपाटं लावून घेतली. धड्यांची पुस्तकं, गोष्टी, प्रश्नपत्रिका, सगळं आम्ही दोघांनी काढलं. दृष्टी नसलेली कितीतरी मुलं त्यावर वाचायला शिकली, नोकऱ्यांना लागली.

कागद बाहेर पडला की तो आप्पांकडे जाई. आप्पा इथले मुद्रितवाचक. जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे नजरचूक हा प्रकार त्यांच्या बाबतीत संभवत नाही. ओळीवरून बोट जाता जाता थांबलं की माझ्या खोक्यावर टिचकी बसे. "म्हाताऱ्या, वेलांटी खाल्लीस." तेव्हा मी नवाकोरा होतो, तरी म्हाताराच म्हणत. सकाळी माझ्या पंख्याच्या घरघरीवरून माझी तब्येत ओळखत. "आज घसा बसलाय. धूळ काढा रे याची."

पुढे सगळ्या विभागांचे संगणक वायरींनी जोडले गेले. मलाही एक वायर आली. मजकूर आपोआप यायला लागला, माझ्याकडे माणसं यायची कमी झाली. सोय झाली की सहवास जातो, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं.

मग पलीकडच्या गल्लीतल्या एका संस्थेचे सगळे संगणक कुणा चोराने दूर बसून कुलूपबंद केले आणि खंडणी मागितली. आमचे साहेब खडबडून जागे झाले. ठरलं की संगणकांतल्या कच्च्या जागा शोधून देणारं सॉफ्टवेअर घ्यायचं. समिती नेमली. तीन कंपन्यांनी आपापलं सॉफ्टवेअर आमच्यावर चालवून दाखवलं.

पहिल्याने इतके दोष काढले की अहवाल दोन हातांनी उचलावा लागला. दुसऱ्याने थोडे कमी. तिसऱ्याने जेमतेम पानभर. समितीने चहा घेतला आणि एकमताने तिसरं निवडलं.

"याच्यात आपली अब्रू राहते," साहेब म्हणाले.

वर्षभर अब्रू राहिली. मग सुरक्षेचं काम बघायला एक ताई नव्याने रुजू झाल्या. बोलायला मृदू, पण प्रश्न विचारल्यावर उत्तर मिळेपर्यंत उभ्या राहतात, अशा. त्यांनी तो पानभर अहवाल पाहिला आणि विचारलं, "चाचणीच्या वेळी याला आत शिरायला पासवर्ड दिला होता का?"

समितीने जुनी फाईल काढली. पहिल्या दोघांना दिला होता. तिसऱ्याच्या दिवशी पासवर्ड माहीत असलेला माणूस मेहुण्याच्या लग्नाला गेला होता. बिचाऱ्या सॉफ्टवेअरने दारं बाहेरून पाहिली आणि घर ठीक आहे म्हणून सांगितलं.

ताईंनी पासवर्ड दिला. दुसऱ्या दिवशी पडदा लालेलाल. साहेब म्हणाले, "हे बिघडलं वाटतं."

"नाही साहेब, आता कुठे चालायला लागलंय. सगळं एकदम दुरुस्त होणार नाही. कुठल्या दारातून चोर आधी येईल, ते दार कुणी बंद करायचं, कधीपर्यंत, आणि झाल्यावर परत तपासायचं. एवढंच काम आहे."

दर मंगळवारी तपासणी सुरू झाली. सगळे संगणक यादीत आले. मी आलो नाही. इतर दिवशी वायरींच्या जाळ्यावर दिसणारा हा एक संगणक मंगळवारीच कुठे जातो, म्हणून ताई एकदा तपासणीच्या वेळी थेट आमच्या खोलीत आल्या. आप्पा माझ्याशेजारी बसलेले, मांडीवर माझ्या वायरीचं टोक.

"आप्पा, हातात काय आहे?"

"वायर. मंगळवारी मोकळी हवा लागते तिला."

"डॉक्टर आला की आजारी माणसाला कपाटात लपवतात का?"

"डॉक्टर कसा आहे त्यावर आहे, ताई."

ताई हसल्या. खुर्ची ओढून बसल्या. मला सगळीकडून तपासलं आणि खरं ते सांगितलं. मला बनवणाऱ्यांनी माझी डागडुजी केव्हाच सोडून दिली आहे. माझ्यातून चोर आत आला तर सगळ्या संस्थेत फिरेल. आप्पांनी वायरीचं टोक हळूच टेबलावर ठेवलं. माझा पंखासुद्धा हळू झाला असेल.

नवे संगणक आमच्या ब्रेलयंत्राशी बोलत नाहीत. मी गेलो की तेही गेलं. साहेबांनी लगेच मार्ग काढला. "विभागच बंद करू. हल्ली मुलं ध्वनिमुद्रण ऐकतात. वाचायचं कशाला?"

"साहेब," आप्पा म्हणाले, "लग्न ठरल्यावर वहिनींची पत्रं तुम्ही शिपायाकडून वाचून घेत होतात का?"

साहेबांना खोकला आला.

"नुसतं ऐकून मोठं झालेलं मूल स्वतःचं नाव कसं लिहितात ते सांगू शकत नाही. मी शिकवलीत अशी मुलं."

मार्ग ताईंनी काढला. माझी वायर कायमची काढायची. मजकूर एकाच ठरलेल्या पेनड्राइव्हवरून, आधी दुसऱ्या संगणकावर तपासून आणायचा. सॉफ्टवेअरमध्ये माझ्या नावापुढे 'अपवाद' लिहायचं, मुदत घालून. मुदतीत नव्या यंत्राची सोय बघायची. आणि खाली कुणीतरी जबाबदार माणसाने लिहून द्यायचं : 'उरलेला धोका मला मान्य आहे.'

इथे घोडं अडलं. आमच्या साहेबांनी उभ्या नोकरीत इतक्या स्पष्ट वाक्याखाली सही केलेली नाही. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' यापलीकडे त्यांचं पेन गेलेलं नाही.

वायर मात्र त्याच दिवशी निघाली. तेव्हापासून माणसं पुन्हा पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे येतात, दोन शब्द बोलतात. जुने दिवस आल्यासारखं वाटतं. पायातलं काढत नाहीत, पण चालायचंच.

अर्जाची एक प्रत आप्पांच्या हट्टाने ब्रेलमध्ये निघाली. मीच मजकूर सांगितला. स्वतःचा अर्ज स्वतः छापण्याचा योग फार थोड्यांना येतो. आप्पांनी बोट फिरवलं, टिचकी मारली. "अनुस्वार खाल्लास. घाबरलास होय रे?" पान पुन्हा काढलं.

काल साहेब फोनवर बोलत असताना त्यांचं बोट त्या ठिपक्यांवरून फिरत होतं, असं ताईंनी येऊन सांगितलं. फोन ठेवल्यावर साहेबांनी विचारलं म्हणे, "या शेवटच्या ओळीत काय आहे?"

"तुमचं नाव, साहेब," ताई म्हणाल्या.

माझी विनंती एवढीच की मला ठेवायचं तर धोका ओळखून ठेवा, काढायचं तर आधी त्या मुलांच्या हाताखाली दुसरं काही द्या. महिनाअखेरीस सही नसेल तर मला बंद करावं लागेल, हे ताईंनी आप्पांना तोंडावर सांगितलं आहे. आप्पांनी नुसती माझ्या खोक्यावर टिचकी मारली.

पाचवीच्या भूगोलाचा दुसरा भाग छापणं चालू आहे. अर्ज साहेबांच्या टेबलावर असून निर्णय प्रलंबित आहे.