बटणावरची टोपी

आमच्या ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कापसाच्या जिनिंगमध्ये गेली, तेव्हा हिंगणघाटात जो तो मला एकच सांगायचा, "हात वाचला, हेच पुष्कळ." ऐकून ऐकून माझे कान किटले. ज्यांची दहाही बोटं जागेवर आहेत त्यांनी मला पुष्कळ म्हणजे किती ते शिकवू नये. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही मुळाजवळच्या पेरापाशी संपलेली. चहाचा कप धरता येतो, शर्टाची बटणं डाव्या हाताने लागतात. पण रोलरजवळ अडकलेला कापूस बोटांनी चाचपून मोकळा करायचा, हे त्यांचं काम होतं आणि त्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. ते काम सुटलं. मिस्त्री डोमाजी एवढंच म्हणाले होते, "दसऱ्याले सीझन सुरू होईन, तवा पाहू." त्या एका 'पाहू'वर आमच्या घरातले दिवस निघत होते.

दिवसभर भिंतीकडे बघत बसणारा नवरा मला बघवेना. बस स्टँडच्या मागे माझा भाऊ आदेश याचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. दोन टीव्ही, दोन प्लेस्टेशन आणि घामट पोरांचा गोंगाट. म्हटलं, जा, तिथं तरी बसा.

गाड्यांच्या शर्यतीत रिमोटच्या मागच्या बाजूची बटणं लागतात. उजवं दाबलं की गाडी पळते, डावं दाबलं की ब्रेक. ती बटणं अशी उतरती गोल, की उन्हाळ्यात धड बोटंही त्यांवरून घसरतात. म्हणून आदेशने नागपूरहून प्लास्टिकच्या टोप्या आणल्या होत्या. बटणावर खटकन बसतात आणि त्यांचा ओठ बाहेर वळलेला असतो. त्याने सहज म्हणून ह्यांच्या रिमोटला टोपी लावून दिली. बाहेर आलेल्या ओठापर्यंत ह्यांचं तुटकं बोट पोचलं.

त्या संध्याकाळी घरी आले ते दारातूनच बोलले, "ज्योत्स्ना, आज मी पयला आलो."

"कशात?" मी विचारलं.

"गाडीत. आदेशले हरवलं."

आणि हसले. अपघातानंतर हा माणूस पहिल्यांदा हसला होता. मी वरवर म्हटलं, "झालं, आता तेवढंच राह्यलं होतं," आणि आत जाऊन डोळे पुसले.

मग रोज तेच. पोरं ह्यांच्याशी पैजा लावू लागली. आणि दसरा जवळ आला तसं ह्यांच्या डोक्यात भरलं, की मिस्त्रीला बोलवायचं आणि हात कसा चालतो ते दाखवायचं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? मीच समोसे आणवले, आदेशला सांगून एक टीव्ही मोकळा ठेवला आणि पदर खोचून त्या पोरांच्या गर्दीत जाऊन बसले.

डोमाजी आले. पांढरी टोपी, चष्मा दोऱ्याने बांधलेला. खुर्चीत अवघडून बसले. पण शर्यत सुरू झाली तसे पुढे सरकत गेले. हे वळणावर ब्रेक दाबायचे, लगेच सोडून गाडी काढायचे, एकदाही चुकले नाहीत. "वा रे गड्या!" डोमाजी म्हणाले. जमलं, असंच वाटलं मला.

मग त्यांनी रिमोट हातात घेतला, उलटा केला आणि नखाने टोपी काढली.

"हे काय हाय रे धीरज?"

"टोपी हाय, मिस्त्री. बोट पुरत नाई ना, त्याच्यासाठी. मशीनवर बी अशीच करतो. लोखंडाची. वेल्डिंगवाल्याले दाखवली, बनवून देतो म्हणे. बोटात घातली की झालं."

डोमाजींनी टोपी उलटसुलट करून पाहिली. मग विचारलं, "ह्या टोपीनं दाबते तवा बोटाले काय लागते?"

"काईच नाई," हे खुशीत म्हणाले. "तेच तं भारी हाय. जराबी दुखत नाई."

डोमाजींनी टोपी टेबलावर ठेवली. "त्या दिवशी रोलरनं बोट ओढलं, ते बोटाले समजलं. म्हणून तू हात मागं घेतला अन् दोनावर भागलं. लोखंडाची टोपी ओढली तं तुले कवा समजन? कोपर गेल्यावर?"

माझ्या तोंडाला अख्खी गल्ली घाबरते. त्या दिवशी मात्र मी हात जोडले. म्हटलं, "मंग दुसरं काई द्या, मिस्त्री. गेटवर बसवा."

"गेटवर कवडू हाय, बाई," ते खाली बघत म्हणाले. "त्याचा तं हातच नाई. त्याले उठवू का?"

समोसे तसेच राहिले. डोमाजी गेल्यावर ह्यांनी रिमोट उचलला आणि टोपी न लावता शर्यत सुरू केली. गाडी जागची हलेना. मागून येणाऱ्या गाड्या बाजूने निघून गेल्या. आदेश म्हणाला, "भाऊजी, टोपी लावा ना." हे ऐकायला तयार नव्हते. मी हाताला धरून त्यांना घरी आणलं.

दसऱ्याला आमच्याकडे पाटावर हत्यारं पुजतात. माझी कात्री, विळा, आणि दरवर्षी ह्यांचा मशीनचा पाना. यंदाही मी पाना घासूनपुसून ठेवला. हे अंघोळ करून आले, पाना उचलून फळीवर ठेवून दिला आणि खिशातून रिमोटची ती काळी टोपी काढून त्याच्या जागी मांडली.

"हे काऊन?" मी विचारलं.

"ह्या हातानं आता येवढंच चालते," ते म्हणाले.

मला रडू नाही आलं, राग आला. कोणावर, ते कळेना. प्लास्टिकच्या त्या टोपीला मी हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं.

तेवढ्यात जिनिंगचा भोंगा झाला. सीझनचा पहिला. सवयीने हे ताडकन उठले, खुंटीवरचा कामाचा शर्ट काढला, अंगात घातला आणि डाव्या हाताने बटणं लावू लागले. शेवटच्या बटणापर्यंत गेले तेव्हा त्यांना आठवलं. ते पुन्हा वरच्या बटणापासून एकेक काढू लागले.