चमच्याची पाठ

वहाबभाईंना माझ्याकडून एक कागद हवा होता: पेटीतले बारा चमचे चांदीचे आहेत असे सांगणारा, आमच्या प्रयोगशाळेच्या शिक्क्यासह. त्यांच्या मुलीचे, इफराचे, लग्न दापोलीत ठरले होते, आणि तिच्याबरोबर अमेरिकन चांदीचा संच येईल असा शब्द त्यांनी व्याह्यांना दिला होता. सौदीतल्या दम्माममध्ये आम्ही शेजारी आहोत. मी तेलवाहिन्यांच्या धातूंची तपासणी करते.

"सोनाराने ॲसिड लावून पाहिलंय, किशोरीताई. चांदीच आहे."

"मग माझी काय गरज?"

"दम्मामच्या सोनारावर व्याह्यांचा भरवसा नाही. दापोलीचा असता तर चाललं असतं."

संच वीस वर्षांपूर्वीचा, जवळच्या धाहरानमधली नोकरी सोडून मायदेशी जाणाऱ्या एका अमेरिकन अभियंत्याकडून घेतलेला. चांदीच्या भांड्यात खाणे धर्मात वर्ज्य, त्यामुळे या घरात तो एकदाही वापरला गेला नव्हता. त्यांच्या पत्नी सफूराभाभी दर ईदला चमचे पुसून पुन्हा मखमलीत निजवत. दांड्यामागे छाप होता: विदरबी अँड क्रेन.

"हे नाव मी रोज विकतो," वहाबभाई म्हणाले. त्यांचे घाऊक भांड्यांचे दुकान आहे, आणि तिथल्या स्टीलच्या चमच्यांवर हाच छाप असतो. "शंभर-दीडशे वर्षांची कंपनी आहे."

नावाचे वय हा धातूचा पुरावा नव्हे, म्हणून मी कंपनीचा इतिहास वाचला. अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या दोन मेहुण्यांनी नाणी वितळवून चमचे घडवण्यापासून सुरुवात केली. विजेने मुलामा चढवण्याची पद्धत आल्यावर त्यांनी चांदी घडवणे सोडले. निकेल, तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूवर चांदीचा पातळ थर देणे फार स्वस्त पडत होते. पुढे हॉटेलांची मोठी कंत्राटे मिळाली. मग जपानचे स्टील आले आणि मागणी आटली. कारखाना बंद पडला, यंत्रे भंगारात गेली, नाव तेवढे विकले गेले, तेही तीनदा. शेवटच्या मालकाने ते चीनमध्ये बनणाऱ्या स्टीलवर ठोकले. वहाबभाई विकत होते ते हे नाव.

मी त्यांना दुकानात विकायला ठेवलेला, केशर तोलायचा काटा आणायला सांगितले. हातात धरायचे क्ष-किरण यंत्र माझ्याकडे होते, पण ते फक्त पृष्ठभाग पाहते. चमचा तोलला: एकसष्ट ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवला, काटा शून्यावर आणला आणि चमचा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता, अधांतरी धरला. दागिन्यांची चांदी असती तर काटा सहा ग्रॅमच्या जरा खाली थांबला असता. तो सातवर गेला: धातू चांदीपेक्षा हलका, म्हणून तेवढ्याच वजनाला जास्त जागा व्यापत होता.

"आत चांदी नाही," मी म्हणाले.

"आणि ॲसिड? ते खोटं बोललं?"

"सोनाराने कुठे घासलं होतं?"

त्यांनी चमचा उपडा केला आणि खोलगट भागाच्या पाठीवर बोट ठेवले. "इथे. वरून दिसू नये म्हणून."

कंपनीच्या एका जुन्या जाहिरातीत हीच जागा बाणाने दाखवली होती. टेबलावर ठेवलेला चमचा पाठीवर टेकतो, मुलामा तिथेच आधी झिजतो. म्हणून टेकण्याच्या जागी ते खऱ्या चांदीची चकती बसवत आणि वरून सगळ्यावर मुलामा देत. फसवण्याचा हेतू नव्हता. उलट तेच त्यांच्या जाहिरातीचे भांडवल होते. ग्राहकाने दहा वर्षे जेवावे आणि चकतीबाहेर मुलाम्याखालचा पिवळट धातू उघडा पडावा, हा त्यातला स्वाभाविक क्रम. या घरात कोणी जेवलेच नव्हते.

"म्हणजे मी वीस वर्षं हराम म्हणून जपलं ते काय होतं?" सफूराभाभींनी विचारले.

"निकेल, तांबं, जस्त."

"अब्बा, इट्स फाइन," इफरा म्हणाली. "मला स्पून्स नकोच होते."

"तुला नकोत. मी शब्द दिलाय." वहाबभाई फोन घेऊन बाल्कनीत गेले. परतले तेव्हा चेहरा त्रासलेला होता.

"सांगितलं?" भाभींनी विचारले.

"सगळं सांगितलं. व्याही म्हणतात, पाण्यात बुडवून चांदी कळते होय? पेटी घेऊन या, आमचा सोनार बघेल."

"त्यांचा सोनार कुठे घासेल?" भाभींनी मला विचारले.

"पाठीवर. तिथला ओरखडा वरून दिसत नाही."

भाभी हळूच म्हणाल्या, "म्हणजे तो चांदीच म्हणणार. आपण तर खरं ते सांगून मोकळे झालो."

"सांगून झालो," वहाबभाई म्हणाले. "त्यांना पटलं कुठं?"

त्यांनी पेटीतला एक चमचा उचलला, दोनदा उलटसुलट केला आणि खाली दुकानात गेले. करवतीचा आवाज वरपर्यंत आला. परतले तेव्हा चमच्याचे दोन तुकडे हातात होते. कापलेल्या जागी धातू फिकट, पिवळसर राखाडी होता. चांदीची कड जेमतेम दिसत होती.

अकरा चमचे त्यांनी मखमलीत परत ठेवले. बाराव्याचे तुकडे, कापलेली बाजू वर करून, सगळ्यांवर ठेवले आणि पेटी बंद केली.